कोऱ्या लेटरहेडवरचं फाटक

परदेशी जाताना लोक घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवतात. मी सह्या ठेवून गेलो. आमच्या कोलशेतच्या सोसायटीचा मी सचिव. पंधरा दिवस मी नसणार म्हटल्यावर अध्यक्ष पाच कोरी लेटरहेडं घेऊन घरी आले आणि म्हणाले, "खाली सह्या करून ठेवा. बँकेचं, महापालिकेचं काही निघालं तर अडायला नको." मी केल्या. तीस वर्षं विम्याच्या ऑफिसात बसून लोकांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' असं बजावलेला माणूस मी. पण सोसायटीच्या कामाला शहाणपण लागत नाही, सही लागते. कोऱ्या कागदावर सही न करता सचिवपद सांभाळलेला माणूस ठाणे जिल्ह्यात कुणी दाखवला तर मी त्याचा सत्कार करायला तयार आहे.

निघालो होतो सायप्रसला, मुलीकडे. ती तिथे निकोसियात नोकरी करते. भूमध्य समुद्रातलं हे बेट, त्याची ही राजधानी, आणि तिचे मधोमध दोन तुकडे झालेले. दक्षिणेला ग्रीक बोलणारे, उत्तरेला तुर्की बोलणारे, मध्ये कुणाचाच नसलेला एक पट्टा. जायच्या आधी महिनाभर मी त्यावर इतकं वाचलं की बायको म्हणाली, "अहो, मुलीला भेटायला चाललोय की तह करायला?"

आता आमच्या सोसायटीचा नकाशा सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. जिथे आमचा तेवीस मजली टॉवर उभा आहे तिथे पूर्वी भातशेती होती आणि खाडीकडे मिठागरं. जमीन इथल्या गाववाल्यांची. बिल्डरने ती घेतली, आम्हाला विकायला टॉवर बांधला आणि जमीनवाल्यांसाठी शेजारी सात मजल्यांची एक इमारत उभी केली. दोन्हींमध्ये पुरुषभर उंचीची भिंत, आणि भिंतीत एक लोखंडी फाटक, एका वेळी एक माणूस जाईल एवढं. आमच्याकडे सात वर्षांपूर्वी राहायला आलेला माणूस भिंतीकडे बोट दाखवून विचारतो, "हे गाववाले इथे आले कुठून?"

मी स्वतः डोंबिवलीचा. चाळीत वाढलो, ब्लॉकमध्ये संसार केला, आणि निवृत्तीनंतर लिफ्टच्या मोहाने इथे आलो. डोंबिवलीच्या माणसाला आपण सुसंस्कृत आहोत हे दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही, तो स्वतःच सांगत असतो. त्यामुळे टॉवरमध्ये मी लगेच रुळलो. तिथे सगळेच सांगत होते.

भिंत घालताना बिल्डरने एक घोळ केला. गावची देवी आमच्या बाजूला राहिली. देवी म्हणजे शेंदूर लावलेले तीन दगड, वर पत्रा आणि शेजारी उंबर. बिल्डरला ते हलवायचं धाडस झालं नाही, म्हणून त्याने भोवती फरशी घातली, दोन बाक ठेवले, आणि माहितीपत्रकात 'स्पिरिच्युअल झोन' असं छापून आम्हाला विकलं. आम्ही हौसेने घेतलं. सकाळी तिथे टॉवरमधली मंडळी डोळे मिटून श्वास आत घेतात, बाहेर सोडतात. देवीकडे पाठ येते, पण वारा त्या बाजूने चांगला लागतो.

दर मंगळवारी फाटकातून मावशी येत. पलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या, गुडघे पार गेलेल्या. त्यांचं लहानपण मिठागरावर गेलेलं. हातात तेलाची बाटली, फुलं, एक नारळ. दिवा लावायच्या, देवीशी मोठ्याने काहीतरी बोलायच्या आणि मग बाकावर माझ्या बायकोशेजारी तासभर बसायच्या. या दोघींचं कसं जमलं मला ठाऊक नाही. एकीला दुसरीचे निम्मे शब्द कळत नसत, आणि त्यावाचून काही अडतही नसे. मावशी सगळ्यांना अरे-तुरे करत, अध्यक्षांनासुद्धा. आमच्या कमिटीत ही गोष्ट एकदा तक्रार म्हणून चर्चेला आली होती.

मी निघायच्या आधी टॉवरमधल्या एकाची सायकल चोरीला गेली. लगेच कमिटी बसली. चोर फाटकातूनच आला असणार यावर एकमत झालं, कारण दुसरीकडून आला असता तर तो आपल्यातला ठरला असता. पुढे ती सायकल त्याच्याच मुलाच्या क्लासखाली सापडली. तो सायकलने गेला आणि रिक्षाने परत आला होता. पण तोवर 'फाटक कायमचं बंद करणे' हा विषय पत्रिकेवर चढला होता, आणि पत्रिकेवर चढलेला विषय सायकल सापडली म्हणून खाली उतरत नाही. मी कसाबसा तो पुढे ढकलला, "मी आल्यावर बघू."

त्या मंगळवारी मावशींनी मला गाठलं.

"फाटक बंद करनार बोलतान. खरं का रं?"

"नाही हो मावशी. मी आहे ना."

"तू तं परदेशी चाललास."

"पंधरा दिवसांत परत येतो. मी सचिव आहे, माझ्या सहीशिवाय काही होत नाही."

फाटक बंद झालं तर मावशींना देवीकडे यायला कोलशेत रोडवरून वळसा घालावा लागला असता, ट्रक आणि डंपरांच्या बाजूने अर्धा किलोमीटर, आणि मग आमच्या मोठ्या गेटवर रजिस्टर. त्या गुडघ्यांनी ते होणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. म्हणून मी शब्द दिला होता, अगदी छातीवर हात ठेवून.

निकोसियात पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी मुलीला म्हटलं, "चल, ती रेषा दाखव." ती आम्हाला जुन्या शहरातल्या एका रस्त्याने घेऊन गेली. दोन्ही बाजूला बुटांची दुकानं, आइस्क्रीम, खुर्च्या टाकून बसलेले लोक. रस्ता ठाण्याच्या राम मारुती रोडसारखा गजबजलेला आणि मग एकाएकी संपलेला. समोर खोक्यासारखी एक खोली, आत एक बाई, तिच्यासमोर पासपोर्ट धरलेली रांग. त्यापुढे पाऊणशे पावलं चालायची. आजूबाजूला बंद घरं, खिडक्यांना पत्रे ठोकलेले, आणि कुणीतरी हौसेने ठेवलेल्या फुलझाडांच्या कुंड्या. मग दुसरं खोकं, दुसरी बाई, पुन्हा पासपोर्ट.

मी भारावून गेलो होतो, त्यामुळे बोलत होतो. "विचार करा," मी दोघींना सांगत होतो, "पिढ्यान्पिढ्या शेजारी राहिलेली माणसं! एकच हवा, एकच पाणी! आणि मध्ये हे!" माझा आवाज चढला तशी रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मुलगी म्हणाली, "बाबा, हळू. इथल्या सगळ्यांना माहितीये ते."

पलीकडे बाजार होता, मशिदीची बांग होती, मिठायांची दुकानं होती. अलीकडच्या मांजरी पलीकडेही होत्या, बहुधा त्याच. ज्या कॉफीला दक्षिणेत ग्रीक कॉफी म्हणतात तिला उत्तरेत तुर्की कॉफी म्हणतात. कपही तेवढाच आणि तळाशी गाळही तेवढाच. खारट चीजचीही तीच गत, दोन नावं आणि एकच चव. बायकोने एका ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या बायका पाहिल्या आणि तिथेच थांबली. त्यांनी हिला जागा करून दिली. मी इतिहास सांगत पुढे गेलो आणि वळून बघतो तर ही चौघींत बसून शेंगा सोलतेय. भाषेचा गंध नाही, आणि चौघी हसतायत.

परतताना मुलीने एक गंमत सांगितली. शहराचे दोन तुकडे झाले तरी सांडपाण्याची व्यवस्था एकत्र राहिली. नळ्या आधीच जमिनीखालून गेल्या होत्या, उतार ठरलेला होता. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी एकमेकांचं तोंड बघितलं नाही, पण इंजिनियरांना बसून काम करावंच लागलं. "म्हणजे मनं जुळली नाहीत, गटारं जुळली," मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते संध्याकाळपर्यंत तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा बायको आत निघून गेली.

रेषेजवळच्या एका कॉफीच्या दुकानात आम्ही रोज जायला लागलो. मालक म्हातारा, इंग्रजी बरं बोलायचा. त्याचं जन्माचं घर उत्तरेत राहिलेलं. पुष्कळ वर्षं कुणालाच ओलांडता येत नव्हतं, मग एक दिवस जायची परवानगी झाली तसा तो गेला. स्वतःच्या दाराची बेल वाजवली. एका अनोळखी बाईने दार उघडलं, ती भली होती, तिने बसवलं, कॉफी दिली. निघताना अंगणातल्या झाडाची लिंबं पिशवीत घालून दिली. झाड त्याच्या वडिलांनी लावलेलं.

"मी थँक यू म्हणालो," तो म्हणाला. "दुसरं काय म्हणणार?"

"आता जाता का कधी?" मी विचारलं.

"नाही. आपल्याच दारात उभं राहून कुणी आत बोलावेल याची वाट बघायची. एकदा केलं. पुन्हा नाही."

माझे डोळे खरोखर भरून आले. पण डोळे पुसून गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी तिथल्या तिथे फोन काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहायला बसलो. बंद खिडक्यांचे चार फोटो टाकले आणि खाली लिहिलं: 'आज एका दुभंगलेल्या शहरात उभा आहे. माणसाने माणसासाठी वाट बंद करावी, हे कुठल्या संस्कृतीत बसतं? भिंती विटांच्या नसतात, मनाच्या असतात. आपण भारतीय किती भाग्यवान!' मग थोडा विचार करून गटारांचं वाक्यही घातलं.

टाळ्यांचा पाऊस पडला. फुलं आली, जोडलेले हात आले. सतराव्या मजल्यावरच्या बाईंनी 'सर, डोळ्यांत पाणी आलं' असं लिहिलं. मी मुलीला एकेक वाचून दाखवत होतो.

मग अध्यक्षांचा निरोप आला. 'सचिव महोदयांच्या विचारांशी पूर्ण सहमत. सर्व सभासदांनी सोबतच्या सूचनेचीही नोंद घ्यावी.' खाली एक फोटो. सोसायटीचं लेटरहेड. सुरक्षेच्या कारणास्तव पूर्वेकडील फाटक आजपासून कायमस्वरूपी बंद करण्यात येत आहे. तळाशी 'सचिव', आणि वर माझी सही. सही अगदी उत्तम आली होती, घाईत केल्यासारखी मुळीच वाटत नव्हती.

मला आधी कळलंच नाही. बायकोने तिच्या फोनवर तेच वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही सही करून आलात?"

"अगं, कोऱ्या कागदावर केली होती."

"कोऱ्या कागदावर केली म्हणून ती दुसऱ्याची होते का?"

मी तावातावाने अध्यक्षांना फोन लावला. ते अत्यंत गोड बोलले. म्हणाले, बहुमताची मागणी होती, तुम्हाला सुट्टीत त्रास नको म्हणून कळवलं नाही, आणि कागद तर तुम्हीच देऊन गेला होतात. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता उघडा. ते म्हणाले, तुम्ही या, मग रीतसर ठराव आणू. परदेशातून सोसायटी चालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि शेळ्यांनाही ते कळतं. फोन ठेवला तेव्हा बायको खिडकीपाशी उभी होती. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," एवढंच म्हणाली. पुढचा अर्धा भाग तिने उच्चारला नाही, तो मला माझ्या मनातच ऐकू आला. ग्रुपवर माझ्या भिंतीवरच्या विचारांना अजून टाळ्या पडतच होत्या. मला लाज वाटली. तिला दुसरं नाव नाही, निव्वळ लाज.

राहिलेले दिवस कसे काढले ते सांगत नाही. घरी परतलो तेव्हा फाटकाला साखळी आणि हातभर मोठं कुलूप होतं, आणि किल्ली एका लिफाफ्यात घालून माझ्या दाराखालून सरकवलेली होती. वर लिहिलं होतं, 'मा. सचिव यांच्या ताब्यात.'

मी विशेष सभा बोलावली. क्लबहाऊसमध्ये पडदा लावून निकोसियाचे तीस फोटो दाखवले. बंद खिडक्या, पासपोर्टची खोकी, म्हातारा कॉफीवाला. लिंबांची गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या रांगेतल्यांनीही फोन खाली ठेवले. मग मी मावशींवर आलो. म्हणालो, देवी त्यांची आहे, आपण येण्याआधीपासून आहे, आणि त्या म्हाताऱ्या बाईला आपण वाट बंद केली आहे. जोरदार टाळ्या झाल्या. मी बसलो. माझी खात्री झाली होती की कुलूप निघालं.

एक तरुण सभासद उठला. आयटीतला, हुशार. म्हणाला, "सरांचं प्रेझेंटेशन खूपच इन्स्पायरिंग होतं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. तिथे बॉर्डर बंद नाहीये. लोक जातात, येतात. फक्त चेक होतात. आपणही तसंच करू शकतो."

सगळ्यांना हे एकदम पटलं. इतका वेळ ज्यांना वाईट वाटत होतं त्यांना त्या वाईट वाटण्यातून बाहेर पडायला वाट मिळाली. कुणीतरी विचारलं, पण आपलं आणि त्यांचं ड्रेनेज तर एकच आहे ना? अध्यक्ष म्हणाले, ते जमिनीखाली आहे, त्याचा सुरक्षेशी संबंध नाही. मी उठून सांगत होतो की अहो, मी ते फोटो यासाठी दाखवले नव्हते, पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते झालं होतं. ठराव मंजूर झाला: 'सचिवांनी सादर केलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार' पलीकडील भाविकांना फोटोसह पास द्यावेत, फाटक मंगळवारी नऊ ते अकरा उघडावं, उघडण्याची व लावण्याची जबाबदारी सचिवांची. विरोधात एकच मत पडलं, माझ्या बायकोचं. मी तटस्थ होतो. सचिवाने तटस्थ राहायचं असतं असं अध्यक्षांनी मला कानात सांगितलं होतं, आणि मी राहिलो.

पास छान झाले. प्लास्टिकमध्ये बसवलेले, गळ्यात अडकवायला निळी दोरी. वर टॉवरचं चित्र, खाली 'अभ्यागत', आणि माझी सही. या वेळी मी वाचून केली. मावशींचा फोटो त्यांच्या नातवाने पाठवला होता, कुठल्याशा लग्नातला, नथ घातलेला.

मावशींचा पास द्यायला मीच जायचं ठरवलं. किल्ली माझ्या खिशात असूनही फाटकातून जायची मला हिंमत झाली नाही. रस्त्याने वळसा घालून गेलो. डंपर धूळ उडवत अंगावरून जात होते, आणि माझेही गुडघे मधेच बोलायला लागले. त्यांच्या इमारतीच्या गेटवर मला कुणी काही विचारलं नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाने नुसतं हाताने दाखवलं, तिकडे.

मावशी दाराशीच बसल्या होत्या. मला बघून सुनेला आत ओरडून चहा सांगितला. "कवा आलास? पोर बरी हाय ना?" बायकोची चौकशी केली. सहीबद्दल एक अक्षर काढलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. शेवटी मीच म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. मी आहे ना, असं म्हणालो होतो मी."

"बोल्ला होतास," त्या म्हणाल्या.

मी पास पुढे केला. मंगळवारी नऊ ते अकरा, गळ्यात घालून यायचं, कुणी अडवणार नाही, असं सगळं समजावलं. समजावताना माझा आवाज विम्याच्या ऑफिसातला झाला होता. मावशींनी पास हातात घेतला, लांब धरून स्वतःचा फोटो बघितला, खालचे शब्द सुनेकडून वाचून घेतले. मग दोरी नीट गुंडाळून पास माझ्या हातात परत ठेवला.

"मना नको रं. देवीला दे. तिला बोल, हा गल्यात घाल नि मंगलवारची ये माज्याकडं. मी हाय घरीच."

त्या हसत नव्हत्या. सुनेने कपबशी उचलली. मी पास खिशात घातला आणि आलो त्याच रस्त्याने घरी परत गेलो.

मंगळवारी नऊच्या ठोक्याला मी कुलूप काढलं, फाटक सताड उघडलं आणि शेजारी उभा राहिलो. बायको तेलाची बाटली घेऊन आली होती. तिने दिवा लावला आणि देवीसमोर बराच वेळ उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "त्या हिच्याशी काय बोलायच्या, मी कधी विचारलंच नाही." पलीकडच्या अंगणात कपडे वाळत होते, माणसं जात-येत होती. त्यांना फाटक उघडं दिसत होतं. कुणी आलं नाही.

बायको साडेदहाला वर गेली. मी अकरापर्यंत थांबलो. मग फाटक ओढून घेतलं, साखळी घातली आणि कुलूप लावलं. तिथे दुसरं कुणी नव्हतं. ठराव कागदावर होता, समोर येऊन लाव म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.